प्रज्ञा कोलंबोला थांबली

४ जाने. २०२२, मंगळ.
प्रज्ञाचा ग्रुप उद्या निघतोय. श्रीलंका. लॉकडाऊनमध्ये टूर कंपनीतली नोकरी गेली, पोरीने वारज्यातल्या सोसायट्यांत भाजी पोचवली. आता स्वतःच्या नावाने ही पहिली टूर. हे म्हणाले, "लोक जिना उतरायला घाबरतात, ही समुद्रापार नेतेय." म्हणाले आणि तिच्या बॅगेची चेन दुरुस्त करायला बसले.

५ जाने.
गाडी सकाळीच मुंबईकडे निघाली. सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह. सदाशिव पेठेतल्या जोशीकाकू वयाने सगळ्यांत मोठ्या, एकट्याच आल्यात. मास्कवर मास्क.

८ जाने. शनि.
नियम परत बदलला. बाहेरून भारतात येणाऱ्याला आता घरी विलगीकरण. प्रज्ञाने बसमध्येच सगळ्यांना सांगून टाकलं. कुणीतरी म्हणालं म्हणे, "दोन वर्षं घरातच तर होतो." हॉटेलच्या दारात सगळा स्टाफ उभा होता, आचारीसुद्धा. भारतातून इतक्या दिवसांनी आलेला पहिलाच ग्रुप.
मग अनुराधापुरातून व्हिडिओ. बोधिवृक्ष. माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या तोंडी या झाडाचं नाव. त्यांना कधी जाता आलं नाही. आज नात तिथे उभी होती, ग्रुपला माहिती सांगत. मला नीट दिसेना, नेट बरं होतं तरी.

११ जाने.
परतीची टेस्ट. काकू पॉझिटिव्ह, बाकी सगळे ठीक. थोडा खोकला, ताप नाही. पण विमानात घेणार नाहीत.
"आई, मी थांबतेय. ग्रुपला इथला गाईड विमानतळावर सोडेल. मुंबईत गाडी सांगितलीये."
"आणि तुला झाला तर?"
"मग दोघी राहू."
ह्यांनी फोन घेतला. ओरडतील वाटलं. "पैसे पाठवू का?" एवढंच विचारलं.

१२ जाने.
काकूंच्या मुलाचा फोन, बंगळूरहून. आवाज चढलेला. "आईला एकटीला टाकून सगळे परत येणार?"
म्हटलं, "माझी मुलगी शेजारच्या खोलीत आहे."
मग, "सॉरी काकू. मला हे माहीत नव्हतं."

१३ जाने.
ग्रुप पोचला. त्यातल्या कसबा पेठेतल्या शेखबाईंचा फोन. "पुढच्या खेपेला बहिणीलाही नेणार. पण प्रज्ञा असेल तरच." ठेवल्यावर ह्यांना शब्दन्‌शब्द सांगितला. त्यांनी परत सांगायला लावला.

१८ जाने. मंगळ.
काकू निगेटिव्ह. प्रज्ञाची टेस्ट आज घेतली, रिपोर्ट उद्या. घसा दुखतोय म्हणाली. एसीने असेल.
काकूंनी फोन मागून घेतला. "अहो, काळजी करू नका. ती पॉझिटिव्ह आली तर मी थांबते."
मी हसले. त्या नाही हसल्या. "मुलाला सांगून झालंय," म्हणाल्या.