डाव्या बाजूचे मडगार्ड

बोरिवली,
दि. ५ जानेवारी २०२५

ती. शिवदासकाकांस नितेशचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललेलं हवेत जातं, असं तुम्ही म्हणता. म्हणून हे पत्र. नवरा शाईने लिहितोय म्हणून श्वेता हसतेय.

काका, गाडी घेतली! १९५६ची, दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. जुन्या कागदांत तुमच्या घाटकोपरच्या गॅरेजची १९७४ची चिठ्ठी निघाली: पुढचं एक मडगार्ड नवीन बनवलं. डावं की उजवं, ते लिहिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मढला आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची स्पर्धा आहे. क्लबात दोन तट. मुकुल म्हणतो, लाल रंग मार, रुंद चाकं घाल, झकास दिसेल. शौनकसर म्हणतात, कारखान्यातून आली तशीच हवी, गंजसुद्धा पुसायचा नाही. मी सरांच्या बाजूचा. त्यांनी लोहचुंबक फिरवला, तो दोन्हीकडे चिकटला; मग पत्र्यावर हात फिरवून निकाल दिला, की उजवं मडगार्ड जरा लहरतं, म्हणजे ते इथे ठोकलेलं, डावं अस्सल. उजवं काढून इंग्लंडहून मागवलेलं बसवायचं ठरलंय. त्याआधी रविवारी येऊन बघाल ना? तुमचं काम जाणार म्हणून रागावू नका.

तब्येत सांभाळा. माया आहे तशीच ठेवा.

तुमचा,
नितेश

घाटकोपर,
दि. १४ जानेवारी २०२५

चि. नितेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तुझी मोटार आणि तुझे मित्र, दोन्ही पाहिले. मोटार बरी आहे.

मुकुल यांना ती लाल हवी. मिरवणुकीच्या घोड्याला झूल घालतात. पण धावायच्या घोड्याला कोणी घालत नाही, एवढे त्यांना सांगावे. शौनक यांची तऱ्हा निराळी. ते गंजाला हात जोडतात. आमच्या गॅरेजात गंज ठेवणाऱ्यास आळशी म्हणत. तुमच्या क्लबात त्यास जाणकार म्हणतात. त्यांनी मला माझे शिक्षण विचारले. चौथी, असे मी सांगितले. त्यांचे मी विचारले नाही; ते दिसतच होते.

आता मुद्दा. तेथे मी गप्प राहिलो आणि नंतर दोन दिवस विचार करीत बसलो, हे कबूल करतो. डावे मडगार्ड माझे आहे.

देवनारच्या कत्तलखान्यात नेत असलेली एक म्हैस सुटून या मोटारीवर आली आणि डावी बाजू चेपली. मालक वर्सोव्याचे. विलायती पत्रा मिळेना, म्हणून मी तेलाचे पिंप फाडून अकरा दिवस ठोकले. भेगा बुजवायची लांबी एक बोटभरही लावली नाही. म्हणून लोहचुंबक तेथे चिकटतो; लांबीवर तो धरत नाही. उजवे मडगार्ड कारखान्याचे. ते लहरते, कारण करणाऱ्याने घाई केली. वाकडे ते आपले आणि सरळ ते साहेबाचे, या एका मापाने तुझ्या सरांनी निकाल दिला.

पुरावा हवा असल्यास आतल्या बाजूचे डांबर खरवडावे. पिंपावर उठवलेले आकडे मी बाहेरून ठोकून सपाट केले होते. आतून त्यांचे ठसे अजून असतील.

गप्प राहिलो असतो, तर माझे काम साहेबाच्या नावाने मिरवले असते. आता नाव राहील आणि काम कापले जाईल. चालेल. मात्र कापलेला पत्रा भंगारात न टाकता माझ्याकडे पोहोचवावा.

सुनेस आशीर्वाद. पत्राचे उत्तर पत्रानेच द्यावे.

शिवदास गंगाराम परब

बोरिवली,
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. काकांस नितेशचा सा. न. वि. वि.

डांबर खरवडलं. तीन आकडे सापडले. शौनकसर आधी म्हणाले, पिंपही इंग्लंडचंच असेल. मी हसलो, तर ते चिडले आणि म्हणाले, मग आता डावं काप.

काका, मी कापलं नाही. इंग्लंडहून आलेला खोका तसाच परत पाठवला. काल मढला गाडी होती तशी उभी केली आणि पुढे पाटी लावली: डावे मडगार्ड, शिवदास परब, घाटकोपर, १९७४. परीक्षकांनी पाटी वाचली आणि आम्हाला शेवटचा नंबर दिला. पहिला नंबर शौनकसरांच्या गाडीचा. तिचं दार सुतळीने बांधलेलं होतं. मुकुल म्हणाला, यापेक्षा लाल केली असतीस तर निदान फोटो तरी चांगले आले असते.

पण नंतर माणसं एकेक करून यायची, वाकायची आणि डाव्या मडगार्डाखाली हात घालून आकडे चाचपायची. उजवीकडे कोणी फिरकलं नाही. तेही तुमच्या हातून नीट करून घेऊ का?

आशीर्वाद द्या, आणि जमलं तर थोडं कौतुकही.

तुमचा,
नितेश

घाटकोपर,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. नितेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सुतळीने बांधलेल्या दारास जेथे पहिला नंबर मिळतो, तेथे शेवटचा मिळाला हे उत्तम झाले. पाटीवर माझ्या वडिलांचे नाव गाळलेस. ते तुझे आजोबा होते. दुरुस्ती करावी.

उजव्या मडगार्डास हात लावू नये. ते वाईट आहे. पण ज्याने केले, तोही माझ्याएवढाच शिकलेला असेल, आणि ते माझे आहे असे पत्र लिहायला तो आता उरला नसेल. त्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मला न्यावयास यावे. शौनक यांना आणू नये. मोटार दोघांची आहे. तू चालव. मी डावीकडे बसेन.

कौतुकाचे समोरासमोर पाहू. लोभ गंजू देऊ नये.

शिवदास गंगाराम परब