नराच्या डोक्यातला वास

८ जुलै
वास तपासणाऱ्या यंत्राच्या आलेखावर तोच सुळका पुन्हा! एकांड्या गांधीलमाशीच्या नराच्या डोक्यातल्या ग्रंथीत चक्क मधमाशीच्या अंगचं द्रव्य. मादी हाच वास हुंगत मधमाश्या शोधते. म्हणजे नर तिला भक्ष्याचा वास दाखवून बोलावतो? तसं असेल तर या वासाचे सापळे करता येतील. सरकारी फवारा मारावा लागणार नाही — त्यात मधमाश्याही मरतात. फराफ्राच्या मरूद्यानात मधपाळ अम्म सनूसींच्या — अम्म म्हणजे इथे काका — चाळीस पेट्यांपैकी सव्वीसच उरल्यात.

९ जुलै
कैरोहून सरांचा फोन. "नर आणले कशातून?" मी विचारलंच नव्हतं! संध्याकाळी अम्म सनूसींना गाठलं.

"राणीमाशीच्या पिंजऱ्यांतून. जिवंत हवेत म्हणालीस ना? आम्ही माशी जिवंत न्यायची तर आणखी कशातून नेणार?"

त्या जाळ्यांना वर्षानुवर्षांचं मेण. म्हणजे वास पिंजऱ्याचाही असेल. तीन आठवडे वाया. मी नको इतकी बोलले.

"वैऱ्याला राणीच्या पालखीतून आणलं, तरी तुझी तक्रार!"

हसू आलं नाही. कामाला आणखी आठवडा लागेल, एवढंच सांगितलं. ते उरलेल्या पेट्या मोजायला गेले.

११ जुलै
आता टेकाडाच्या वाळूतून गांधीलमाशीचे कोशच खणून काढायचे, नवीन काचेच्या बाटल्यांत ठेवायचे. नराला मधमाशीचा वाराही लागता कामा नये. सत्तरी उलटलेले अम्म सनूसी गुडघे टेकून वाळू उपसत होते.

"जन्मभर यांना मारलं. आता बाळंतपण करतोय बघ."

१३ जुलै
आणखी दोन पेट्या गेल्या. गांधीलमाशीच्या एका बिळात पाच मधमाश्या सापडल्या. मादीचं विष जीव घेत नाही, फक्त लुळं करतं. पाय हलत होते. अम्म सनूसींनी त्या तळहातावर घेतल्या. मग म्हणाले, "चल बेटा, ऊन चढतंय."

१६ जुलै
कोशांतून नऊ नर, चार माद्या.

१७ जुलै
सुळका आहे! नऊच्या नऊ नरांत. अळी असताना मधमाश्या तर माद्यांनीही खाल्ल्या होत्या, पण चारही माद्यांत त्याचा मागमूस नाही. वास नराचाच. उद्या पहाटेच निघते.

१८ जुलै
टेकाडाच्या अलीकडेच औषधाचा उग्र दर्प आला. वाळूवर पांढरा थर, त्यात गांधीलमाश्या, मधमाश्या, सगळंच. फवारणी मागणाऱ्या गावाच्या अर्जावर पहिली सही अम्म सनूसींची. तारीख दहा जुलै. कोश उपसायला आले त्याच्या आदल्या दिवशीची.

"तुझे सापळे येईपर्यंत चोवीस पेट्या टिकल्या नसत्या," म्हणाले. "उरल्यासुरल्या भावाकडे पाठवल्या." मग विचारलं, "तुझं खरं निघालं का?"

मी हो म्हणाले.

"बरं झालं. पलीकडच्या गावाला सांग. तिथे अजून फवारलेलं नाही."