खंडेनवमीचा गेरू

आप्पा, आज कारखान्यातलं जुन्या फायलींचं कपाट आवरायला काढलं आणि तुमची सही हाताला लागली. ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावरची, डावीकडं कललेली. काम राहिलं बाजूला आणि हे लिहायला बसले.

शिरोलीच्या या कारखान्यात तुम्ही फळ्यांच्या यार्डाचे मुकादम. मी शाळेत होते तेव्हा तुम्ही घरी आलात की आधी लाकडाचा वास यायचा, मग तुम्ही. आई म्हणायची, भुसा बाहेर झटका, भाकरीत पडतोय. जेवता जेवता तुम्ही माझ्या हातात लाकडाचा तुकडा ठेवायचात आणि डोळे मिटून ओळख म्हणायचात. मला एकदाही जमलं नाही. पुढं शिकले आणि तुमच्याच कारखान्यात पर्यावरणाचं काम बघायला लागले. काय तोरा होता मला तेव्हा!

परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपले लाकडी ट्रे हवे होते, पण त्याला सर्टिफिकेट पाहिजे होतं. जंगल राखून तोडलेलं पाइन वेगळं ठेवायचं, साध्या पाइनमध्ये त्याची एक फळीसुद्धा मिसळायची नाही. म्हणून त्या फळ्यांच्या टोकांना मी हिरवा पट्टा मारून घेतला. जाडजूड मॅन्युअल लिहिलं. त्यात सगळं होतं, फक्त खंडेनवमी नव्हती. खंडेनवमीला तुम्ही सगळ्या फळ्या हलवून यार्ड झाडायचात, लांबी बघून पुन्हा थप्प्या लावायचात आणि जवसाच्या तेलात कालवलेला गेरू टोकांना फासायचात. फळी तडकत नाही, आणि सणाचं बरं दिसतं. त्या वर्षीही फासलात. दसरा झाला, ऑडिटर दारात आला आणि सगळं यार्ड लालभडक. हिरवा पट्टा गेरूत विरला असेल असंच सगळ्यांनी धरलं; कुठली फळी कुठली, काही कळायला मार्ग नाही.

पहिलंच ऑडिट, सर्टिफिकेट हुकलं तर माझी नोकरीही जाणार. तुम्ही मात्र शांत. म्हणालात, "पोरी, हाताला कळतंय की. दुपारपातूर येगळं काढून देतो." आणि खरंच दिलंत. वजन घेत, वास घेत, एकेक फळी. ऑडिटर भला माणूस होता, पण हाताचा पुरावा चालत नाही म्हणाला. ते सगळं लाकूड साधं म्हणून धरायचं ठरलं. चूक कशामुळं झाली तो रकाना मी भरला : मुकादमाचे अज्ञान. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तुम्हाला नव्या पोरांच्या रांगेत ट्रेनिंगला बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आप्पा, इथं तुमची जुनी पद्धत चालायची नाही." तुम्ही मान खाली घालून सही केलीत. घरी जाताना एवढंच विचारलंत, "तुझी नोकरी ऱ्हायली न्हवं?"

सर्टिफिकेट मिळालं. पुढच्या आठवड्यात तुम्ही गडहिंग्लजला आत्याकडं गेला होतात, तेव्हा सहज एका टोकावर पॉलिश पेपर घासला. गेरू निघाला आणि खाली हिरवा पट्टा. मग दुसरी फळी, तिसरी. दुपारभर एकटी घासत बसले. तुम्ही उजवीकडं लावलेल्या थप्पीत प्रत्येक फळीला पट्टा, डावीकडच्या थप्पीत एकीलाही नाही. एकही चुकली नव्हती, आप्पा. मी तिथंच खाली बसून रडले. मग डोळे पुसले, टोकांवर परत गेरू फासला आणि ऑफिसात गेले.

तो रकाना अजून तसाच आहे. हा कागद कुठं पाठवणार, त्याच फायलीत घालून ठेवीन. तुम्ही त्यानंतर तीन वर्षं होतात. रोज सकाळी आपण एकाच स्कूटरवरून कामावर यायचो. सांगायला वेळ मिळाला नाही, असं मी आईला म्हणत आले. वेळ होता. मला कमीपणा घ्यायचा नव्हता.