शनिवारी भिजवलेला पाव

बाई, काल संध्याकाळी मी तुमचा पाव भिजवून ठेवला. सुट्टीला नातवंडं आली आहेत. रविवारी सगळी उशिरा उठतात आणि नाश्ता नको, जेवणही नको, मधलंच काहीतरी हवं म्हणतात. शिळ्या पावाचे जाड काप, तापवून गार केलेलं दूध, अंडी, साखर आणि ईडलिंबाची किसलेली साल. मी किसत होते तर धाकटी नात शेजारी येऊन उभी राहिली. "आजी, पांढरा भाग का सोडतेस?" म्हटलं, "कडू होतो." "तुला कुणी शिकवलं?" आणि मी म्हटलं, "एका मासिकात वाचलं होतं." ऐंशीच्या घरात आले, पण खोटं अजून माझ्या तोंडून असं अलगद निघतं. आज उशिरा उठून, ते खाऊन सगळी समुद्रावर गेली आणि मी हे लिहायला बसले.

आमच्या अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गात आम्ही मुली चौघीच होतो. गणित आणि इंग्रजी शिकवायला तुम्ही आलात तेव्हा गावाला बी.ए. झालेली बाई पाहायचीही सवय नव्हती. तुम्ही एकट्या राहता, पायांत चपला घालून बाजारात जाता, मुसलमान मोहल्ल्यातल्या बेकरीसमोर उभ्या राहून पाव घेता, याचीसुद्धा बातमी व्हायची. दिवाळीनंतर तुम्ही चौघींना रविवारी सकाळी घरी बोलवायला लागलात. आठ ते साडेदहा बीजगणित, मग खाणं. "रविवारी मला चुलीशी बसायला वेळ नाही, म्हणून शनिवारीच सगळी तयारी करून ठेवते," असं तुम्ही म्हणायचात. मुंबईत शिकताना वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीकडून तुम्ही तो पदार्थ उचलला होता. रात्रभर ते पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे गारही राहतं आणि मुंग्याही लागत नाहीत. थंडी संपली की बंद, कारण उन्हाळ्यात दूध टिकत नाही. लिंबाचा रस दुधात घालायचा नाही, दूध फाटतं. दुधात फक्त साल, आणि रस वेगळा साखरेच्या पाकात, वरून ओतायला.

साडेनऊला तुम्ही मध्येच उठता, पातेलं मंद चुलीवर ठेवता, झाकणावर निखारे पसरता, हात झटकून परत येता आणि म्हणता, "हं, क्ष ची किंमत?" थोड्या वेळाने तो वास माजघरातून येतो. तूप, करपत चाललेली साखर आणि ईडलिंबू. आमच्याकडे तांदळाच्या रव्याचं गोड धोंडस असंच खालीवर विस्तव ठेवून करायचे, पण त्याला काकडीचा वास. हा वास मला आमच्या घराबाहेरच्या सगळ्या जगाचा वाटायचा. उदाहरण हमखास चुकायचं.

पहिल्याच रविवारी तुम्ही दोन पातेली समोर ठेवलीत. मोठ्याकडे बोट दाखवून स्पष्ट म्हणालात, "यात अंडं आहे. छोट्यात नाही, त्यात केळं कुस्करून घातलंय. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी छोट्यातलं घ्या. लपवाछपवी नको." आमच्या घरी चालत नव्हतंच. वडिलांची नारळ-सुपारीची वाडी, देवघर मोठं, आणि घराचा सोवळा कारभार विधवा आत्याच्या हातात. पावसुद्धा आमच्याकडे ताप आला तरच, तोही मागच्या पडवीत बसून चहात बुडवून खायचा. दोन रविवार मी छोट्यातलं खाल्लं. तिसऱ्या रविवारी ताटली मोठ्या पातेल्यापुढे धरली. तुम्ही डाव तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलंत. "घरी विचारलंस?" मी म्हटलं, "हो." तुम्ही वाढलंत. तो मऊ, मधोमध थरथरणारा तुकडा मी इतक्या घाईने तोंडात घातला की टाळू पोळली. त्यानंतर माघापर्यंत एकही रविवार मी छोट्या पातेल्याकडे वळले नाही.

सुपारी सोलायला आमच्या अंगणात एक बाई यायची. तिच्या घरी कोंबड्या होत्या. एका दुपारी सोलता सोलता ती आत्याला अगदी कौतुकानं म्हणाली, "तुमची पोरगी पन जाते ना त्या शिकवनाऱ्या बाईंकडं? लय मायेची बाई हाय. दर शनवारी धा अंडी नेते माज्याकडनं. पोरींना खायाला घालते म्हनं." आत्याच्या हातातलं सूप खाली आलं. तिनं मला हाक मारली. मी आले तेव्हा ती तुळशीपाशी उभी होती, लांबच, जणू मला शिवायला नको.

"खरं सांग गो. खाल्लंस तिथं?"

"पाव खाल्ला."

"अंड्याचा?"

"मला काय माहीत आत काय असतं ते."

"बाईनं सांगितलं नाही?"

"नाही."

बस्स, एवढंच बोलले. तेवढ्या एका 'नाही'वर मी पाठीवरचा मार टाळला आणि तुम्हाला पुढे केलं.

आठवड्याच्या आत शाळेच्या कमिटीनं तुम्हाला बोलावलं. आम्हा चौघींनाही आपापल्या वडिलांबरोबर यायला सांगितलं होतं. ड्रॉइंगच्या वर्गात बाकं मागे सरकवली आहेत, चार गृहस्थ टेबलामागे बसले आहेत, तुम्ही उभ्या आहात. कुणी तुम्हाला खुर्ची दिली नाही, आणि ते तेव्हा मला खटकलंही नाही. अध्यक्ष म्हणाले, "फसवून मुलींचा धर्म बुडवलात, अशी तक्रार आहे." तुम्ही म्हणालात, "मी कुणालाही फसवलेलं नाही." त्यावर माझे वडील उठले. मोठ्या आवाजाचा माणूस नव्हता, बाई, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फाटला. "माझी मुलगी सांगते तिला ठाऊक नव्हतं. ती खोटं बोलत असेल तर आजपासून तिची शाळा बंद. परीक्षेच्या फॉर्मावर मी सही करणार नाही. मग तिनं चूल फुंकावी आणि मी लग्नाचं बघावं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची माती उकरत होते. मला वाटत होतं, आता सांगतील. मोठं पातेलं, छोटं पातेलं, 'घरी विचारलंस?', सगळं. शेजारी उभ्या असलेल्या, आमच्या चौघींतल्याच एका मैत्रिणीनं माझा दंड घट्ट धरला होता, तिलाही तेच वाटत असणार. अध्यक्षांनी विचारलं, "बोला. मुलींना सांगितलं होतंत?"

तुम्ही म्हणालात, "नाही. माझ्याकडून राहिलं."

बाहेर आल्यावर मैत्रिणीनं दंड सोडला आणि म्हणाली, "तू माणूस आहेस का गं?" परीक्षा होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी फॉर्मावर सही केली. तुम्हाला वर्ष संपेपर्यंत राहू दिलं, तेही दुसरं कुणी मिळेना म्हणून. तुमच्याकडे यायची आम्हाला बंदी झाली, तर शाळा सुटल्यावर तुम्ही रिकाम्या वर्गात आम्हा चौघींना बसवून राहिलेलं बीजगणित पुरं केलंत. माझी वही तपासताना तुमची लाल पेन्सिल इतरांच्या वहीत फिरायची तशीच फिरायची, ना जोरात, ना हळू. तुम्ही एकदा तरी ओरडायला हवं होतंत, बाई. मी रोज वाट पाहत होते.

तुम्ही गेलात त्या सकाळी म्हसळ्याची मोटार आमच्या वाडीवरूनच गेली. तिघी तुम्हाला पोचवायला गेल्या होत्या. मी विहिरीमागे उभी राहिले. टपावर तुमची ट्रंक आणि वळकटी दिसली, तुम्ही दिसला नाहीत.

मी पास झाले. आमच्या आळीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणून आत्यानं हरिहरेश्वराला अभिषेक केला. पुढे ट्रेनिंग घेतलं, अलिबागकडे शिक्षिका झाले, तीस वर्षं गणित शिकवलं. निकालानंतर महिन्याभरात तुमचं कार्ड आलं होतं. 'अभिनंदन. गणित सोडू नकोस.' खाली पुण्याचा पत्ता. दुसरी नोकरी मिळाली का, कशी मिळाली, काही नाही. त्याला उत्तर म्हणून मी किती वेळा कागद घेतला. 'ती. बाईंस' लिहायचं आणि थांबायचं. पुढचं वाक्य एकच होतं आणि ते लिहिलं की ते खरं होणार होतं. पुण्याला मी त्या वर्षांत दोनदा गेले. एकदा तर तुमच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन, तिथे बांगड्या भरल्या आणि परत फिरले. अशी नऊ वर्षं गेली. मग त्याच मैत्रिणीचं पत्र आलं की तुम्ही गेलात. पोटाचा आजार होता, शेवटी शाळेतल्याच मुली आळीपाळीने जवळ होत्या.

हे पत्र आता टाकायचं तरी कुठे. वहीतच राहील, आणि मुलं परत यायच्या आत वही कपाटात जाईल. पण एक लिहायचं राहिलं आहे. तुमची बातमी कळली त्या दिवशी मी ढसाढसा रडले, असं मी पुढे घरात सांगत आले, नवऱ्यालाही सांगितलं. तसं झालं नव्हतं. मी मैत्रिणीचं पत्र घडी घालून ठेवलं, अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे काढले, आणि ते काढता काढता माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. मला हायसं वाटलं होतं, बाई.