दोन तांबड्या चहादाण्या आणि अडलेले कलम

पोरी हानयिंग, हे लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. हिवाळ्यातच लिहायला बसलो होतो, पण एका कलमावर अडलो आणि अजून अडलेलोच आहे.

मी, च्वांग बिंगसोंग, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा चहा भाजण्याचा (आता बंद), राहणार छाओझोऊ, कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहितो. डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टर म्हणतात. पुढच्या महिन्यात ते माझी छाती उघडणार आहेत, म्हणून ही घाई.

१. राहते घर तुझा भाऊ देफा याला. अंगणातली कोळशाची भट्टी त्याने लगेच मोडू नये.

२. बँकेतली शिल्लक दोघांना सारखी. देफा म्हणाला, "तिला बँकॉकमध्ये काय कमी आहे?" कमी नसेल. तरी सारखीच.

३. चहा भाजायच्या बांबूच्या टोपल्या दुकानदार श्ये यांना आजच देऊन टाकल्या, त्यामुळे त्या या कागदात धरू नयेत. त्यांत मासळी वाळवू नये, एवढे त्यांना सांगितले आहे.

४. शेजारी त्साय याला काहीही नाही. त्याने माझ्या चहादाणीत मोगऱ्याचा चहा केला होता. या मातीला झिलई नसते, जे ओतावे ते ती पिते आणि धरून ठेवते. त्साय म्हणे, "अहो, चहाच तर होता, विष नव्हे!" वास जाता जाता पावसाळा सरला. काही मिळत नसल्यामुळेच तो साक्षीदार म्हणून चालतो, असे श्ये म्हणाले.

५. दोन चहादाण्या. लग्नानंतर एकाच कुंभाराकडून, एकाच तांबड्या मातीच्या, दिसायला सारख्या घेतल्या. निवडल्या तुझ्या आईने. झाकण काढून पालथी घातली की तोटीचे टोक, काठ आणि कान एकदम टेकले पाहिजेत. झाकणाच्या भोकावर बोट ठेवले की धार थांबली पाहिजे. कुंभार वैतागला, "बाई, चहादाणी घेताय की नवरा?" ती म्हणाली, "नवरा न तपासता घेतला, म्हणून तर!"

एकीत माझा खरपूस चहा, दुसरीत तिचा हलका, फुलांच्या वासाचा. अदलाबदल कधी नाही. ती गेल्यावर तिची चहादाणी मी नुसत्या उकळत्या पाण्याने धूत राहिलो. तिची तुला द्यायची आणि माझी माझ्याबरोबर थडग्यात ठेवायची, एवढेच कलम होते.

पण मागच्या तापापासून मला वास येत नाही. देफाने नवे कपाट आणले, दोन्ही काढल्या, जागा न पाहता परत ठेवल्या, आणि मी गोंधळून कधी या, कधी त्या चहादाणीत माझाच चहा करत बसलो. श्ये यांनी रिकाम्या चहादाण्यांत उकळते पाणी ओतून हुंगले. "आता दोन्हींत तुम्हीच आहात," म्हणाले. त्साय हसला, "मोगरा एकीत राहू दिला असतात तर ओळखता आली असती!"

मग श्ये यांनी त्या खिडकीशी धरल्या. एकीच्या झाकणाची बोंडी चकाकते. दुसरीचे अख्खे पोट चकाकते. "ही चमक फडक्याची नाही," ते म्हणाले, "तळहातांची आहे. वहिनी हिला ओंजळीत धरून बसत असणार. ही त्यांचीच का?"

मला सांगता येईना. मी पहिला चहा पिऊन उजाडायच्या आत भट्टीवर जात असे. मागे ती काय करायची ते मी पाहिले नाही. ऊब घ्यायला तिने आपली धरली असेल. पण माझी का धरली नसेल? चुकलो तर तुझ्या आईची मातीत जाईल, आणि ती परत काढता येणार नाही.

म्हणून नावे कोरी ठेवली आहेत: हानयिंगला ............ पोटाची, माझ्याबरोबर ............ पोटाची. एक ‘चकाकत्या’, एक ‘मंद’, एवढेच भरायचे. जी मिळेल तिला साबण लावू नकोस, चहा झाल्यावर गाळ काढून झाकण उघडे ठेव, वाळू दे.

स्थळ: छाओझोऊ. दिनांक: ९ मार्च २०१९.
सही: च्वांग बिंगसोंग
साक्षीदार: श्ये रुनतियेन
साक्षीदार: त्साय मुगेन (मोगऱ्याबद्दलचे म्हणणे मान्य नाही)

हानयिंग, तू घरात असायचीस. मी भट्टीवर गेल्यावर आई कोणती चहादाणी हातात घेऊन बसायची? तिची की माझी? एवढे लगेच कळव.