थंड विजेचं सूत

१९ नोव्हेंबर, बुधवार
माझ्याच घरात, माझ्याच हातमागासाठी आलेलं सूत, आन मी हात लावायचा न्हाय म्हणं! हातमोजे घालायचे. वर आजच्या आज रंगवायचं. अवसेला? आमच्या बेळगावच्या शहापुरात अवसेला रंगाचं भांडं कोण चढवतंय? सूत देऊन गेलेल्या लॅबच्या माधवी मॅडमला एवढं शिकून तेवढंबी ठाऊक न्हाय. देश म्हणं प्लाझ्माच्या संशोधनात लई पैसा घालतोय. प्लाझ्मा म्हंजे थंड वीज. ती सुतावर मारली की कमी पाण्यात रंग धरतोय. आन टेस्टिंगला पहिला माग माझा. सरकारला अक्कल आली म्हणायची.

माझा सौरव उद्यमबागेत फौंड्रीत हाय. म्हणाला, आये, ह्या सुताची साडी नीट उतरली तर माग ठेवू, न्हायतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. म्हटलं, सांग की! त्या भंगारवाल्याच्याच बायकोला साडी विकते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
अवस सरली. पण देशाचं सूत दारात आलंय, तसंच कसं भांड्यात टाकायचं? नव्या सुनेसारखी ओटी भरली त्याची. गल्लीतल्या बायका दिव्यात तेल घालून, तसल्याच हातानं कुरवाळून गेल्या. शेजारची सत्यवती म्हणाली, आक्का, सून मिरवतीया खरी, नांदतीया का बघा. जळते मेली.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दुपार
रंगवलं. ओलं हाय तवर झकास.

संध्याकाळ
वाळलं. हितं गडद, तितं फिक्कं. मधी बोटं उठल्यात. सगळ्यांचीच, पण सत्यवतीची ठळक.

२३ नोव्हेंबर, रविवार
मॅडमला फोन लावून झापलं. म्हणाली, मावशी, प्लाझ्माचा गुण दिवसागणिक उतरतो, तेलकट हात लागला तर रंग धरतच नाही, म्हणून तर मोजे दिलेले. म्हटलं, मोजे घालून ओटी कोण भरतंय? कुणाची ओटी, म्हणाली. सांगितलं. मग म्हणाली, दुसरं सूत मिळतंय का, वरती विचारते.
म्हंजे चूक त्यांनी कबूल केली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
मॅडम फोन उचलत न्हाय. भंगारवाला शुक्रवारी येणार. सौरवनं मागाचा धोटा, फणी सोडवून पोत्यात भरल्यात. मी मागावरनं उठायची न्हाय. जेवणबी हितंच.
देशानं एवढा पैसा घातला, त्यात अवस का धरली न्हाय? दुसरं सूत देणार का न्हाय? फोन कुणी उचलत न्हाय म्हणून ह्या वहीतच लिहिते. गुरुवारी दिवेलागणीच्या आत मला उत्तर पायजे.