खिशातलं अस्वल

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेलच. (दुसऱ्याची झोप उडवणाऱ्याची उत्तमच असते.) विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? तेल चोळून घेतात, की बाटली नुसती उशाशी ठेवतात? इकडे सगळी खुशाल. मी तेवढा जळतोय. लपवून उपयोग नाही, धूर तिकडे पोचलाच असेल.

नातीच्या वाढदिवसाला मी फ्रॉक शिवला. तिपदरी झालर, आत मऊ अस्तर, काजं हातानं केलेली. आणि तुम्ही पिशवीतून काढलंत एक अस्वलाच्या गोष्टीचं पुस्तक, तेही पातळ! पोरीनं फ्रॉक चढवला, एक गिरकी घेतली, मी कौतुकाची वाट बघत उभा, तर म्हणते, "आजोबा, याला पुस्तकाएवढा खिसा का नाही?" मग काय, माझ्याच सुईदोऱ्यानं तुमच्या पुस्तकाला घर बांधून दिलं. वर ते खाली पडायला नको म्हणून बटणही लावलं. (पक्कं लावलं. माझं बटण तुटत नाही असा लौकिक आहे, आणि तोच पुढे नडला.) आता तो फ्रॉक ती अंगावरून उतरवत नाही. धुवायला टाकला, तर पुस्तक मांडीवर घेऊन दोरीखाली बसून राहते.

आधी मी नुसता 'आजोबा' होतो. दुसरा कुणी आजोबा असतो हे तिच्या गावीही नव्हतं. आता तुम्ही 'पुस्तकआजोबा' झालात, म्हणून मी 'शिवणआजोबा'. अहो, या पोरीचा पहिला शब्द 'बटण' होता, तोही माझ्या दुकानात! (तुमची लेक म्हणते 'आई' होता. बापावर गेलीय.) आता शब्द सगळे तुमच्या पुस्तकातले. गिऱ्हाईक जसं कापड अंगाला लावून बघतं, तशी ही प्रत्येक नवा शब्द कुणाला तरी लावून बघते. परवा बँकेतले मोठे साहेब पँटचं माप द्यायला आले. मी टेप त्यांच्या कमरेभोवती नेतोय, तेवढ्यात ही मशीनखालून डोकं काढून, अगदी कौतुकानं म्हणाली, "अवाढव्य!" साहेबांनी पोट आत ओढलं ते ओढलंच. मीही घाबरून तेच माप लिहिलं. पँट शिवून झाली, पण मांडीच्या वर काही चढेना. साहेब आता समोरच्या शिंप्याकडे जातात. तुमचं अस्वल त्याला फळलं म्हणायचं.

शेवटी ठरवलं, आपणही वाचून दाखवू, त्यात काय मोठंसं! चष्मा पुसून बसलो. पहिल्याच पानावर तिनं मला थांबवलं. म्हणे, पुस्तकआजोबांचं अस्वल पोटातून गुरगुरतं. मी पोटातून गुरगुरलो, तर असा ठसका लागला की तुमची लेक पाणी घेऊन धावली. तरी नेटानं वाचत गेलो. शेवटच्या पानाशी आलो, आणि पोरीनं पुस्तक मिटून खिशात घातलं, बटण लावलं. तुम्ही जाताना ते पान 'पुढच्या खेपेला' म्हणून राखून ठेवलंत ना! परत येण्याची सोय करून गेलात. धूर्त आहात. माझ्या फ्रॉकची शेवटची झालर मी कधी राखून ठेवली नाही.

असो. मुलंच ती. आज पुस्तक, उद्या चेंडू. मला काही फरक पडत नाही.

आपला,
शिवणआजोबा (पूर्वीचा आजोबा)

ता. क. पुढच्या खेपेची घाई करू नका. विहीणबाईंचा गुडघा आधी.

आणखी एक. ते अस्वल नदीच्या पलीकडे राहिलंय, पूल वाहून गेलाय, अंधार पडतोय. ते घरी पोचतं का, एवढं कळवा. पान उघडून बघितलं असतं, पण पोरीला शब्द देऊन बसलोय, आणि बटण माझंच आहे. फोनवर सांगू नका, ती शेजारीच असते.

शेवटचं. वरचं राहू द्या, काही कळवू नका. आत्ताच ती खिसा थोपटून आतल्या अस्वलाला सांगत होती, "रडू नको हं, पुस्तकआजोबा आले की तू घरी जाशील." तेव्हा लवकर या. मी अजून जळतोच आहे, पण या. नवं पुस्तक आणणार असाल तर त्याची लांबी-रुंदी आधी कळवा. खिसा शिवायला घेतो.